टास्क मॅनेजर आणि कोडोलीच्या बायका

१२ ऑगस्ट २००६, शनिवार

कॉम्प्युटर बिघडला. सकाळी ऑफिसच्या पेनड्राइव्हवरून एक फाईल घेतली, तेव्हापासून हे सुरू. माउस हलवला की बाण मागनं सावकाश येतो. मध्येच स्क्रीन काळी होते, मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं.

ऑफिसात असं झालं की आम्ही कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबतो. टास्क मॅनेजर उघडतो — आत काय काय चाललंय ते दिसतं, अडलेलं बंद करता येतं. इथं दाबलं तर पाटी आली: तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरनं टास्क मॅनेजर बंद केला आहे.

आईला मराठीत सांगितलं, कॉम्प्युटरच्या कारभाऱ्यानं बंद केलंय म्हणून. ‘ह्यो आणि कोण?’ म्हणाली. ‘घरात तर आपण दोघीच हाय.’

१३ ऑगस्ट, रविवार

राजारामपुरीत पृथ्वीराजचं रिपेरीचं दुकान आहे, त्याला बोलावलं. बघितल्या बघितल्या व्हायरस आहे म्हणाला. टास्क मॅनेजर व्हायरसनंच बंद केलाय — आपल्याला कुणी बघू नये म्हणून. आता फॉरमॅट मारायचा, सगळं पुसून नव्यानं टाकायचं. मी विचारलं, आतलं रेकॉर्डिंग? आधी काढून घ्यायचा प्रयत्न करीन म्हणाला, पण हार्डडिस्क जुनी आहे, खात्री देत नाही.

आई दारातच उभी होती. आत गेली.

कोडोलीला असताना आई बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायची. शेतातनं आल्यावर, चूल उरकून बायका यायच्या. जिला पहिल्यांदा वाचता आलं, तिचं वाचणं आई टेपरेकॉर्डरवर घ्यायची. का, ते मी कधी विचारलं नाही. त्या कॅसेट तिनं इतकी वर्षं ट्रंकेत जपल्या. मी हौसेनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, आणि गेल्या वर्षी पुराचं पाणी सिद्धार्थनगरात शिरलं. कॉम्प्युटर आम्ही माळ्यावर चढवला. ट्रंक खाटेखालीच राहिली.

चिखलानं भरलेल्या कॅसेट आईनं स्वतः टाकून दिल्या. म्हणजे त्या बायका आता फक्त या पेटीत आहेत.

१४ ऑगस्ट, सोमवार

पृथ्वीराजला थांब म्हणून कळवलं. कशाच्या जोरावर, देव जाणे.

१६ ऑगस्ट, बुधवार

ऑफिस सुटल्यावर नेट कॅफेत बसले. ती पाटी जशीच्या तशी टाइप करून शोधली — आणि बघतच राहिले! ब्राझीलमधला कुणी, पोलंडमधला कुणी, सगळ्यांना हीच पाटी. कुणी कुणाला ओळखत नाही, तरी एकेक पायरी लिहून ठेवली आहे, आधी हे उघडा, मग हे. मलाच सांगितल्यासारखं. मी प्रिंट काढली. उद्या कॉम्प्युटर उघडायचा नाही, धीर येत नाही. रविवारी.

२० ऑगस्ट, रविवार

झालं!

आंघोळ करून बसले, परीक्षेला बसल्यासारखी. आई शेजारी खुर्ची घेऊन. रनच्या चौकटीत जीपीएडिट डॉट एमएससी टाइप केलं. एक खिडकी उघडली, त्यात कप्पे, कप्प्यांत कप्पे. इतकी वर्षं हे मशीन वापरतेय, हे दालन आत आहे हेच माहीत नव्हतं. सगळ्यात आतल्या कप्प्यात एक ओळ: टास्क मॅनेजर काढून टाका. कागदात होतं, आधी त्याला हो म्हणा, मग नको म्हणा. तसंच केलं. मधेच मशीन बंद पडलं तर, या भीतीनं श्वास रोखून.

मग तीन बटणं दाबली. टास्क मॅनेजर उघडला.

मी नुसती बघत बसले. समोर स्क्रीनवर काही चालू नाही, आणि आत ओळीच ओळी. कुणी घड्याळ सांभाळतंय, कुणी आवाज, कुणी छपाई. मी चहाला उठते तेव्हाही हे सगळे काम करतच असतात. खाली हिरवी रेघ वर खाली होतेय, मशीन किती दमलंय ते दाखवत. आईला समजावलं. बराच वेळ बघून म्हणाली, ‘आणि आपल्याला वाटतंय, गप बसलंय.’

त्यात एक निरर्थक अक्षरांचं नाव, सगळा जोर तेच खात होतं. बंद केलं. डोळ्यांदेखत परत आलं! पुन्हा बंद केलं, पुन्हा आलं. मग ध्यानात आलं, तसलंच दुसरं एक वरती आहे. हे मेलं की ते याला उठवतं. कागद परत वाचला. मूळच्याला धरून त्याची सगळी पिलावळ एकदम बंद करायची सोय असते. केली.

रेघ खाली आली. पंख्याचा आवाजसुद्धा उतरला.

आईनं हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

मशीन पुन्हा फिरायच्या आत म्हणून पृथ्वीराज आज सीडी रायटर घेऊन स्वतःच आला. सगळं रेकॉर्डिंग दोन सीड्यांवर उतरलं. आता फॉरमॅट खुशाल मारू म्हणाला.

नीट उतरलंय का बघायला मधलीच एक फाईल लावली. खरखर. मग एक बाई, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं, ‘हा... मा... झा... हात.’ जवळच एक पोर रडतंय. ‘हात काम करतो,’ एका दमात, आणि मग हसत, ‘आलं की गं मला!’

आई खाली बसली. झुंबरबाई, म्हणाली. पुढच्या बाळंतपणातच गेली ती. रडणारं पोर म्हणजे तिची रूपाली, झुंबरबाई वाचायला बसली की तिच्या मांडीवर चढायची. झुंबरबाई गेल्यावर मामानं तिला इचलकरंजीला नेलं.

पृथ्वीराज वायर गुंडाळत होता, तो थांबला. मेलेल्या बाईचं हसू घरात ऐकू आलं होतं. मी ते कॅसेटवरून उतरवताना कान देऊन ऐकलंच नव्हतं.

२२ ऑगस्ट, मंगळवार

आईनं कोडोलीला फोन करकरून मामाचा नंबर मिळवला. रूपालीचं लग्न झालंय. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते. झुंबरबाईचा एक फोटोसुद्धा तिच्याकडे नाही. आवाज आठवत नाही.

२७ ऑगस्ट, रविवार

रूपाली आज ऐकायला यायची होती. कामाची पाळी बदलली, आली नाही. आई दिवसभर दारात.

३ सप्टेंबर, रविवार

रूपाली आली. चप्पल दाराबाहेर काढून अंग चोरून बसली. आवाज लागला तशी स्पीकरजवळ सरकली, पुन्हा लावा म्हणाली, पुन्हा. रडली नाही. मग आईकडे वळली आणि तर्जनी पुढं केली.

‘मावशी, आई वाचतिया ते लिवा की कागदावर, आन माझं बोट ठेवा त्याच्यावर. मला अक्षरं येत न्हाईत.’