रोझेरचे पाय आणि माझे कान

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. माझ्यावर होणाऱ्या अन्यायाची कुठेतरी नोंद हवी.

रात्रभर मी बेगलच्या, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल पावांच्या, भट्टीसमोर उभा. चांगलं उजाडल्यावर घरी येतो, पडदे ओढतो, आडवा होतो. डोळा लागतोय तोच वरच्या मजल्यावर रोझेर सुरू. रोझेर फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवतो. नुसती फिडल असती तर सोसलीही असती. पण आमच्या मॉन्ट्रियलकडचे फिडलवाले खुर्चीत बसल्या बसल्या पायांनी ठेका धरतात. कडक तळव्यांचे बूट, खाली लाकडी फळी, आणि टाच-चवडा, टाच-चवडा, तासन्‌तास. ती फळी बरोबर माझ्या पलंगाच्या डोक्यावर. बायको मारीझ हिला मधूनच नाचायची हुक्की येते. बाई अंगानं भरलेली आहे.

निश्चय: आठवड्याभरात प्रश्न निकालात काढायचा. उपाय साधा आहे. इयरप्लग.

४ फेब्रुवारी

फार्मसीतून नारिंगी फोमचे आणले. पाकिटावर झोपलेल्या बाईचा फोटो. काय तो चेहरा! चिमटीत दाबायचे, कानात सरकवायचे, आत गेल्यावर ते फुगतात. माझे फुगले आणि बाहेर आले. उठल्यावर एक उशीखाली मिळाला. दुसरा घरभर शोधला.

५ फेब्रुवारी

दुसरा सापडला. कामावर गेल्या गेल्या मालकीणबाईंना, म्हणजे सॉरकिनबाईंना, तो माझ्या कानात दिसला. गाजर का खोचलंयस, म्हणाल्या. बाईंना विनोदाचं अंग नाही.

९ फेब्रुवारी

मेणाचे. फोम म्हणजे पोरखेळ होता. मेण कानात घट्ट बसतं आणि आपलंच हृदय ऐकू यायला लागतं. सुरुवातीला बरं वाटलं. मग रोझेरनं लय वाढवली, आणि माझ्या लक्षात आलं की हृदयसुद्धा त्याच्याबरोबर निघालंय. उठून बसलो. पाणी प्यायलो. मेण अजून निघत नाहीये.

१० फेब्रुवारी, सकाळ

आज वर जाऊन स्पष्ट बोलणार. दोनच वाक्यं, पाठ केली आहेत. मी रात्रपाळी करतो. दुपारपर्यंत शांतता हवी. बस्स.

१० फेब्रुवारी, दुपार

जाऊन आलो. मारीझनं दार उघडलं, आतून रोझेर हसत आला, हातात फिडल. सुरुवात गोड करावी म्हणून मी म्हणालो, छान वाजवता. रोझेरच्या डोळ्यांत चक्क पाणी. म्हणाला, अरे नॉर्मान, इतकी घरं बदलली, पण वर येऊन कौतुक करणारा तू पहिलाच! बाकीचे नुसते खालून झाडू ठोकायचे! मारीझनं मेपलच्या पाकाची गोड टार्ट कापली. दोन तुकडे खाल्ले. उद्यापासून सकाळी तुझ्यासाठी खास एक जास्तीची चाल वाजवीन, असं रोझेरनं वचन दिलं.

याला म्हणतात मुत्सद्देगिरी. आधी विश्वास संपादन करायचा. मुद्दा पुढच्या भेटीत.

११ फेब्रुवारी

जास्तीची चाल वाजवली.

बहिणीचा, ऊगेतचा फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मी रात्रपाळी करतो', तीन शब्द आहेत रे बावळटा, तेवढे बोलायला काय टेलिग्रामचा खर्च येतो? मी म्हणालो, मौनात ताकद असते, समोरच्याला आपोआप लाज वाटते. ऊगेत म्हणाली, हो, तुझी बायको लिझपण आपोआपच गेली सोडून. मी विषय बदलला.

२० फेब्रुवारी

चुकत होतो ते स्वस्तात भागवण्यात. आज आवाज मारणारे हेडफोन घेतले. दुकानातली मुलगी म्हणाली, विमानाच्या इंजिनाचा आवाजसुद्धा गिळतात. विमानापुढे रोझेर म्हणजे काय!

२१ फेब्रुवारी

हेडफोन उत्तम आहेत. फ्रिजची घरघर गेली. हीटरची शीळ गेली. रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक गेला. त्या निखळ शांततेत रोझेरचे पाय तेवढे राहिले, अगदी लख्ख. आजवर मला वाटायचं दोन्ही पाय सारखेच पडतात. नाही. डावा जरा आळशी आहे.

परत द्यायला गेलो तर खोका फाडल्यावर घेत नाहीत.

२६ फेब्रुवारी

लाकूडतोडे लावतात त्या कानांवरच्या जाड वाट्या. हार्डवेअरच्या दुकानातून. आवाज निम्म्यावर. मात्र लाकूडतोडे त्या लावून कुशीवर झोपत नाहीत, हे पैसे दिल्यावर सुचलं.

१ मार्च

भट्टीसमोर डुलकी लागली. एक अख्खी फळीभर बेगल जळून कोळसा. सॉरकिनबाई ओरडल्या नाहीत, हे जास्त लागलं. नुसतं म्हणाल्या, नॉर्मान, तुझ्यासारखा भट्टीवाला या शहरात नाही, म्हणून या वेळी गप्प बसते. पुन्हा काही झालं तर तुला भट्टीवरून उतरवावं लागेल.

बावीस वर्षं. विशीतली पोरं आली नि पळाली, मी उभा आहे. लाकडाचा जाळ बघून कुठला बेगल कधी उलटायचा हे मला कळतं, त्याशिवाय मला आयुष्यात काही येत नाही. भट्टी गेली तर मी काय करू? झोप लागलीच पाहिजे. आता खर्चाकडे बघायचं नाही.

५ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मापाचे प्लग. त्यांनी दोन्ही कानांत गुलाबी लगदा भरला आणि घट्ट होईपर्यंत समोर बसून माझ्याशी बोलत होत्या. मी हसत होतो.

१२ मार्च

मापाचे प्लग आले. घातले. झोपलो. डोळे उघडले तेव्हा संध्याकाळ! मी जिंकलो.

१३ मार्च

पुन्हा तसाच झोपलो. उठल्यावर स्वयंपाकघरात ऊगेतनं ठेवलेला वाटाण्याच्या सुपाचा डबा. किल्ली आहे तिच्याकडे. चिठ्ठी: 'घोरत होतास. जिन्यात तुझी वरची शेजारीण भेटली, भली बाई आहे, खूप गप्पा मारल्या.' ऊगेतला कोणीही भलं वाटतं.

१४ मार्च

प्लग आता काढतच नाही. सवय मोडायला नको. कामावर जाताना जिन्यात रोझेर भेटला. बराच वेळ बोलला. छातीवर हात ठेवला. वर बोट दाखवलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. शेवटी बोटांवर महिने मोजल्यासारखं काहीतरी केलं. सरळ आहे, माफी मागत होता. मी ताठ मानेनं, थंडपणे, होकारार्थी मान हलवली. त्यानं मला मिठी मारली. मारू दिली.

फोनपुरता एक प्लग काढून ऊगेतला सांगितलं, बघ, मौनाचा विजय. ती म्हणाली, पण म्हणाला काय तो? मी म्हणालो, सारांश महत्त्वाचा.

१९ मार्च

या प्लगांचा दर्जा थक्क करणारा आहे. आज झोपेत एक निघून पडला होता, तरी आवाज नाही. दुसराही काढून पाहिला. तरीही नाही. परिणाम टिकून राहतो. डॉक्टरीणबाईंना धन्यवादाचं कार्ड पाठवलं पाहिजे.

२१ मार्च

दारात टार्ट. मारीझ जिना चढताना दिसली. बूट हातात, पायांत लोकरीचे मोजे. बर्फातून चालून बूट ओले झाले असणार.

२३ मार्च

मोठा निर्णय. जागा सोडायची. महिनाअखेरपर्यंत नोटीस दिली की एक जुलैला मोकळा.

ऊगेत फोनवर किंचाळली. एकोणीस वर्षांपूर्वीच्या भाड्यात राहतोस, मॉन्ट्रियलमध्ये लोक असल्या जागेसाठी आईवडील विकतील! आणि आता आवाज नाही ना येत? मी समजावलं, आवाज प्लगमुळे येत नाही. माणसानं जन्मभर प्लगच्या आधारानं जगायचं का? शेवटी स्वाभिमान म्हणून काही असतो. ती म्हणाली, स्वाभिमानाला घरभाडं परवडतंय का बघ.

२४ मार्च

जागा पाहिली. तळमजला. भाडं जवळपास दुप्पट, पण इतकी शांत जागा मी जन्मात पाहिली नाही. समोरच्या रस्त्यावरून गाड्या जातात त्यांचासुद्धा आवाज नाही. घरमालक प्रामाणिक वाटला. खिडकीशी नेऊन समोरची लाल दारांची मोठी इमारत दाखवली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणजे बाहेरचं काही ऐकूच येत नाही. मी मान हलवली. त्यानं खांदे उडवले आणि कागद पुढे केला. सही केली. मग कान खाजत होते म्हणून बसमध्ये प्लग काढले.

२८ मार्च

जुन्या मालकाला नोटीस दिली. त्यानं कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, नक्की ना? मला वाटलं वरची... मी त्याला मध्येच तोडलं. म्हणालो, वरच्यांबद्दल मला एक शब्द ऐकायचा नाही.

असं स्पष्ट बोलता आलं पाहिजे माणसाला.

६ मे

रोझेर हल्ली जिन्यात नजर चुकवतो. लाज. उशिरा का होईना.

९ जून

प्लग इतके चांगले की गजर ऐकू आला नाही. दोन गजर लावले होते. अख्खी रात्र झोपेतच गेली. फोनवर सॉरकिनबाईंचे अकरा मिस्ड कॉल. पोचलो तेव्हा भट्टी विझलेली, दारात सकाळची गिऱ्हाइकं उभी, आणि बाईंनी स्वतः बाह्या वर केलेल्या. वयाच्या सत्तरीत.

१० जून

सॉरकिनबाईंनी मला खुर्ची दिली, तिथेच समजलं. म्हणाल्या, तुला काढत नाही, ते माझ्यानं होणार नाही. पण यापुढे तू काउंटरवर, दिवसा. भट्टीवर बेन्वा नावाचा गृहस्थ घेतलाय, आधी त्याला दोन आठवडे शिकव.

शिकवीन. माझ्यासारखं शिकवणारा कोण आहे? बाकी आता रात्री झोपणार, आणि रात्री रोझेर कधीच वाजवत नसे. म्हणजे घर सोडायची गरज... हा विचार अर्धवट सोडतो. सामान बांधायचंय.

२५ जून

बेन्वा शिकला. फार लवकर शिकला. लग्न झालेला, अबोल, हात स्थिर. म्हणत होता, भट्टीजवळ घर शोधतोय, दिवसा झोप मिळेल असं. मी त्याला म्हटलं, आमच्या बिल्डिंगकडे फिरकू नकोस, चेंगराचेंगरी होते कानांची.

१ जुलै

सगळ्यांचे भाडेकरार आजच संपतात, त्यामुळे सगळं शहर रस्त्यावर. फुटपाथवर गाद्या, फ्रिज, कोणाचा तरी पोपट. सामान उतरवायचं म्हणून कानांत काही नव्हतं. माझा सोफा जिन्यात अडकला आणि वरून आवाज आला, थांब, मी धरतो. रोझेर. त्याच्या मागे मारीझ, हातात फिडलची पेटी. त्यांच्या दारातही खोकी.

मी विचारलं, तुम्ही कुठे निघालात? रोझेर माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, गॅस्पेला, गावी. मार्चमध्ये याच पायरीवर सांगितलं नव्हतं का तुला?

सोफा मध्येच धरून आम्ही उभे होतो. तो बोलत गेला. तुझ्या बहिणीनं मारीझला सांगितलं की तू रात्रपाळी करतोस. आम्हाला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्षभर तुझ्या डोक्यावर नाचलो! त्या दिवसापासून फिडल चुलतभावाच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. घरात आम्ही मोज्यांवर चालतोय. जुलैला आम्ही जाणार, तर वरची जागा तू घे, तुझ्या डोक्यावर मग फक्त छप्पर. मालकाशी मी बोललो होतो, तुझ्या आत्ताच्याच भाड्यात. महिनाअखेरपर्यंत त्याला फक्त हो म्हण, एवढं सांगितलं होतं. तू मान हलवलीस. आणि मग नोटीस दिलीस.

मारीझ म्हणाली, माझं काय चुकलं म्हणून मी किती रडले, नॉर्मान. रागच होता तर तोंडावर बोलायचं. आम्ही काय खाल्लं असतं तुला?

मी म्हणालो, भाडं वाढेल असं वाटलं.

त्यांनी माझा सोफा खाली नेला. फ्रिजही. गाडी निघताना रोझेरनं निरोपाची एक चाल वाजवली, तिथेच फुटपाथवर, साध्या बुटांनी ठेका धरून. पहिल्यांदाच मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. तसा बराच बेसूर वाजवतो. मला रडू आलं. गर्दीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

२ जुलै

समोरची लाल दारांची इमारत म्हणजे अग्निशमन केंद्र आहे.

५ जुलै

ऊगेतचा फोन. घर कसं आहे? उत्तम, म्हणालो. ती म्हणाली, मागे काय केकाटतंय? म्हणालो, टीव्ही. तिला मारीझचं पत्र आलंय. माझी चौकशी केलीय, झोप लागते का म्हणून. काय कळवू? लागते म्हणून कळव, म्हणालो.

११ जुलै

काउंटर. दुपारी बेन्वा पगार न्यायला आला. चेहरा असा ताजा की सॉरकिनबाईसुद्धा म्हणाल्या, लग्नाला निघालास का? तो सहसा बोलत नाही, पण आज त्याला राहवलं नाही. म्हणाला, नॉर्मानदादा, तुझं ऐकलं नाही, माफ कर, पण तुझ्याच बिल्डिंगमधली वरची जागा मिळाली. वर कोणी नाही, खाली एक म्हातारी, तीही मांजर पाळते. पडलो की मेल्यासारखा झोपतो. मालक म्हणत होता, आधी दुसऱ्या कोणाला तरी देणार होते, तोसुद्धा रात्रपाळीवालाच होता, पण त्यानं नको म्हटली. सांग, असा कोण वेडा असेल?

मी म्हणालो, असतात लोक. मागे भट्टीत दुसऱ्याच कोणीतरी बेगलची फळी आत सरकवली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला विचारलं, तिळाचे देऊ की खसखशीचे.