मागून दगड मारल्यासारखं

प्रिय अक्का,

मी पत्र लिहिणारी नव्हे, हे तुला माहीत आहे. लग्नपत्रिकेवर पत्ता घालण्यापलीकडे मी कधी कुणाला काही लिहिलं नाही. शाळेच्या ऑफिसात दिवसभर लिहिते ते वेगळं. पण उद्या मला कोल्हापूरच्या डॉक्टरांना उत्तर द्यायचं आहे, आणि मी ज्याला घाबरले आहे ते नेमकं काय आहे, हे आपल्या घरात फक्त तुला कळलं होतं. म्हणून तुला लिहिते आहे.

अक्का, तुझ्या डोक्यात होतं ते माझ्याही डोक्यात आहे.

रक्तवाहिनीला आलेला फुगा. डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात. माझा लहान आहे. स्क्रीनवर दाखवला तेव्हा मला आधी दिसलाच नाही. डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवलं तेव्हा दिसला, फांदीला फुटलेल्या कोंबासारखा. तेव्हापासून मी डोकं हलवताना विचार करते. शिंक आली की नाक दाबून धरते. कणकवलीच्या खोलीवर पाण्याची कळशी उचलत नाही, शेजारणीला काहीतरी कारण सांगते. हे असं कुणी जगतं का गं?

तो रविवार मला पुन्हा पुन्हा दिसतो. मी देवबागला आले होते. तुझ्याकडे पुण्याचे पाहुणे उतरले होते, तू त्यांच्यासाठी घावणे काढत होतीस. एकदम तवा सोडून तू दोन्ही हातांनी डोकं धरलंस आणि मागे वळून बघितलंस.

"माका मागसून कोणी दगड मारल्यान गो?"

मागे कुणीच नव्हतं. आयेने लगेच निदान केलं. "त्या पावण्यांनी तुका घावणे काढताना मोबाईलात धरल्यानी ना? दिष्ट लागली ती." मीठ, मोहरी, मिरच्या तुझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. धूर झाला, पण कुणाला ठसका लागला नाही. आये म्हणाली, "बघ, ठसको इलो नाय. केदी मोठी दिष्ट होती ती!"

आणि संध्याकाळपर्यंत तुझं डोकं खरंच उतरलं! तू हसत म्हणालीस, "गेली गो आये, गेली तुझी दिष्ट. आता चाय दी." आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. मी शेवटच्या एसटीने परत गेले.

मान आखडली होती, हे तू मला का सांगितलं नाहीस? तुझी मुग्धा नंतर म्हणाली, तू आठवडाभर उशीला दोष देत होतीस, उशी बदलून बघितलीस. फोनवर माझ्याशी तू फक्त सुरमईच्या भावाबद्दल बोललीस. एक शब्द बोलली असतीस! पण बोलली असतीस तरी मला काय कळणार होतं? मीही म्हटलं असतं, उशी बदल.

मग तू अंगणात कोसळलीस. मालवणहून तुला गोव्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, "आधी कधी अचानक, खूप जोराचं डोकं दुखलं होतं का?" मी त्या रविवारचं सांगितलं, मागून दगड मारल्यासारखं. ते म्हणाले, पुष्कळदा तो फुगा आधी थोडासा गळतो, मग काही काळ थांबतो. दुखणं उतरतं, आणि माणसांना वाटतं बरं झालं.

आये हे ऐकून एकदम लहान झाली. तिला कुणी काही बोललं नाही. बोलणार काय? दिष्ट काढली नसती तर गोळी दिली असती. गोळीनेही डोकं उतरलंच असतं.

त्यांनी घरातल्या इतरांचं विचारलं तेव्हा मी बाबांचं सांगितलं. रापणीच्या जाळ्याची दोरी ओढता ओढता वाळूवर पडले, आणि गावाने हार्ट म्हटलं. डॉक्टर म्हणाले, तेही हेच असू शकेल, आता सांगता येणार नाही, पण तुम्ही तपासून घ्या. मी पुष्कळ दिवस टाळलं. तुझं वर्षश्राद्ध झाल्यावर गेले.

डोक्याचा फोटो बघून गोव्याचे डॉक्टर म्हणाले, थांबूया. दर वर्षी फोटो काढू. लहान फुगे बहुतेक वेळा तसेच राहतात, आणि उपचारातही धोका असतो. मग मी कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, बंद करून टाका. मांडीतून तार घालून फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, बसवतात. ज्या अभ्यासांवरून "थांबा" म्हणतात, त्यात तुमच्यासारख्या, घरात अशी माणसं गेलेल्या, फार थोड्या होत्या. त्यासाठी तारीखही त्यांनी धरून ठेवली.

मी परत गोव्याला गेले आणि हे जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आमच्या परिषदांमध्येही यावर वाद होतात. तुमच्यासाठी नक्की उत्तर अजून कुणाकडेच नाही."

अक्का, या वाक्याने मी जेवढी घाबरले तेवढी फोटो बघूनही घाबरले नव्हते. शाळेत मला एखादं परिपत्रक कळलं नाही तर मी वर विचारते. इथे वर कुणी नाही.

तेव्हा आये सोबत होती. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, मी नाही म्हटलं. आये मागून म्हणाली, "ता खोटा बोलता, डॉक्टरानु. मशेरी लावल्याबगर तेका सकाळची चाय जायना नाय."

"आणि आजी, तुम्ही लावता?"

"मी? माका दात खंय आसत?"

डॉक्टर हसले, मीही हसले. मग त्यांनी सांगितलं की मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरड्यांतून रक्तात जातो, आणि तंबाखूने फुगा फुटायचा धोका वाढतो. तुझा मशेरीचा डबा आठवला, खिडकीतला. आपण दोघी पडवीत बसून दात घासायचो आणि सगळ्या गावाच्या गोष्टी करायचो. तेवढाच वेळ मी बोलायचे.

घरी आल्यावर आयेने माझी दिष्ट काढायचं ठरवलं. मी नको म्हटलं, तर रडायला लागली. बसले. मिरच्या चुलीत पडल्या आणि असा ठसका उठला की मुग्धा बाहेर पळाली. मी खोकत होते, दोन्ही हातांनी डोकं धरून, आणि मनात एकच, आता फुटणार, आता फुटणार! आये तिकडे टाळ्या वाजवत होती. "इलो ठसको! इलो! शालूक काय एक झाला नाय!"

काही फुटलं नाही. मी तशीच जमिनीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गोव्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, खोकल्याने फुटतो का? ते म्हणाले, "खोका, शिंका, कळशी उचला. ब्लड प्रेशर सांभाळा आणि मशेरी सोडा. आणि भीतीने जगणंच अशक्य झालं, तर तसं सांगा. तेही उपचार करायचं एक कारण धरतात."

मुग्धाचाही फोटो काढायला हवा, असं दोन्ही डॉक्टर म्हणतात. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत आहे. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मावशे, आदी तू ठरव. तू कशी रवतस ता बघून मगे मी ठरवतलंय." आता तुझे घावणे तीच काढते. तवा तोच आहे. ती मागे वळून बघते तेव्हा मी लगेच विचारते, डोकं दुखतंय का?

मी ठरवलं आहे, अक्का. उद्या कोल्हापूरला फोन करून सध्या नको म्हणून सांगणार. थांबणार. हे बरोबर आहे का, मला माहीत नाही. फुगा वाढला तर मांडीतून तार घालून घेईन. तोवर कळशी उचलीन. माझी भीती गेलेली नाही. पण नाक दाबून राहिलेली मावशी बघून मुग्धा तपासायला येणार नाही, एवढं मला कळतं.

तुला शब्द देते. मशेरी सुटली आहे, डबा खाडीत गेला. पुढच्या फोटोला मुग्धाला सोबत नेईन. आणि डोक्यात तसं काही झालं तर कणकवलीत काय, देवबागात काय, कुणी वाट बघणार नाही, उतरलं तरीही नाही. दोन्हीकडे शेजारचा रिक्षावाला सांगून ठेवला आहे. आयेलाही बसवून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरा. मीठ-मिरची पदराक बांधून ठेवतलंय. दिष्ट गाडयेत काढतलंय."

काढू दे. मला मागून कुणी दगड मारला, तर मी मागे वळून बघणार नाही. सरळ गाडीत जाऊन बसेन.

तुझी धाकटी,
शालू