प्रसन्नला पाठवलेले तीन मेल

१८ ऑगस्ट, सोमवार
टेक्सासमध्ये अर्विंगच्या ऑफिसात अठरा वर्षं. निरोप अकरा मिनिटांत. लॅपटॉप परत केला. ग्रीन कार्ड अजून रांगेतच, त्यामुळे व्हिसाच्या नियमाने आता साठ दिवस, म्हणजे १७ ऑक्टोबर. तोवर नवी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. काळजी नाही. ओळखी दांडग्या आहेत. घरी बायकोला, शैलजाला म्हटलं, पंधरा दिवस पुरेत. ती भाजी निवडत राहिली.

२० ऑगस्ट
प्लॅन ठरला. प्रसन्न! अ‍ॅशबर्नच्या एका कंपनीत डायरेक्टर आहे, त्याच्या टीममध्ये भरती चालू आहे. नागपूरहून नवा आला तेव्हा महिनाभर आमच्या हॉलमध्ये झोपायचा. मला अजून 'दादा' म्हणतो. एक मेल टाकायचा अवकाश.

२२ ऑगस्ट
मेल लिहिला. दोन पानं, इंग्रजीत. एकदम मागणं बरं दिसत नाही, आधी वातावरण तयार करावं लागतं. टेक्सासचा उकाडा, गणपती, त्याच्या मुलाचं, आर्यचं सॉकर, मार्केटची अवस्था. अनन्याला वाचायला दिला. आमची मुलगी, शाळेचं शेवटचं वर्ष. तिला बिझनेस कम्युनिकेशन विषय आहे. वाचून म्हणाली, "बाबा, व्हॉट आर यू आस्किंग?"
तिच्या मते पहिल्या ओळीत काय हवं ते, मग कारण, मग उत्तर कधीपर्यंत हवं. इथली मुलं! आपल्या माणसाला असं लिहीत नाहीत. तो समजेल. पाठवला.

२३ ऑगस्ट
प्रसन्नचं उत्तर. गणपतीच्या शुभेच्छा, आर्यचा फोटो. 'सब ठीक ना, दादा?' मी कळवलं, फर्स्ट क्लास. बाकी त्याने ओळखलं असणारच.

९ सप्टेंबर
दुसरा मेल. यात 'सध्या जरा मोकळा आहे' असं मुद्दाम घातलं. याहून स्पष्ट काय लिहिणार? त्याने लिहिलं, वा, मग येलोस्टोन पार्क फिरून या.
शैलजा म्हणाली, फोन कर आणि सरळ नोकरी माग. तिला प्रोफेशनल जगाची कल्पना नाही. पुण्यात ती बँकेत ऑफिसर होती. इथे आल्यावर व्हिसामुळे आठ वर्षं कामच करता येईना. मग राहूनच गेलं. हे उगाच लिहिलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
बाकी ठिकाणी एक्केचाळीस अर्ज केले. उत्तरं आली ती मशीनने पाठवलेली.
प्रसन्नला फोन केला. चाळीस मिनिटं छान गप्पा. शेवटी तोच म्हणाला, "दादा, काही काम होतं का?" मी म्हटलं, "छे, सहज." तोंडातून निघूनच गेलं. ज्याला अंथरूण घालून दिलं, त्याच्यापुढे... असो. पुढच्या वेळी.

६ ऑक्टोबर, सोमवार
अकरा दिवस उरले. तिसरा मेल अनन्याच्या पद्धतीने लिहिला. तीन ओळी. तुझ्या टीममधल्या जागेसाठी माझा विचार करशील का? ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. शुक्रवारपर्यंत कळव. तीनदा कॉफी आणायला उठलो, मग सेंड दाबलं.
दहा मिनिटांत त्याचा फोन. आवाज रडवेला. "दादा, दीड महिना जागा रिकामी होती हो. परवाच्या शुक्रवारी ऑफर दिली. एक शब्द बोलला असतात तर..."
मीच त्याची समजूत काढली. म्हटलं, दुसरीकडे दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत.
कुठेही चालू नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार
गुरुवारची तिकिटं काढली. दोन. अनन्या इथेच जन्मलेली, तिला कोणी जा म्हणत नाही. शाळाही मेपर्यंत आहे. शैलजाने पलीकडच्या गल्लीतल्या रेणूला फोन लावला. "रेणू, अनन्याला मेपर्यंत तुझ्याकडे ठेवशील का?" कारण सांगायच्या आत रेणू हो म्हणाली. मिनिटसुद्धा लागलं नाही. फोन ठेवून शैलजाने अर्धवट राहिलेली भाजी चिरायला घेतली.
मी अनन्याच्या खोलीत गेलो. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. म्हणाली, "यू विल कम फॉर माय ग्रॅज्युएशन, राइट?"
मी म्हटलं, बघू, तिकडे नोकरी, व्हिसाची अपॉइंटमेंट, सध्याची परिस्थिती पाहता...
"येस ऑर नो, बाबा?"
मी चिकटपट्टी शोधून आणतो म्हणून बाहेर आलो. चिकटपट्टी तिच्या हातातच होती.