मनवाच्या तपासणीचं उत्तर

बर्गन, नॉर्वे
१२ नोव्हेंबर

दादा,

तुला आणि आईला दीप्तीचा इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बांगडाही मिळतो इथे. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते. मनवा चालत का नाही, ते कळलं. तिच्या एका जनुकाचा मोठा तुकडा उलटा बसलाय. तो तुझ्याकडून आला नाही, वहिनीकडूनही नाही. ग्रहणात वहिनीने विळी धरली म्हणून हे झालं, असं आई म्हणते. ते खोटं आहे.

औषध मात्र नाही रे. सगळीकडे विचारलं.

असे तुकडे शोधणारा प्रोग्राम आम्ही वेगवेगळ्या देशांतली माणसं मिळून लिहितो, कुणीही फुकट वापरावा म्हणून. त्यातली चुका गाळणारी एक चाळणी मी लिहिलेली. दोन वर्षांपूर्वी मनवाचं रक्त तपासलं, तेव्हा त्या चाळणीनेच हा तुकडा चूक समजून टाकून दिला. परवा चिलीतल्या सहकारी बाईंनी त्या चाळणीतली चूक दाखवून विचारलं, "ही ओळ कोणाची?"

"माझी," म्हटलं.

तेव्हाच कळलं असतं, तर टोमणे ऐकून वहिनी मनवाला घेऊन वेळणेश्वरला माहेरी गेली नसती.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. मग वहिनीकडे ने. ती परत येईल असं मला वाटत नाही. तरी ने.

तुझी,
दीप्ती