दस्मानच्या साहेबाचा डबा

अब्बा, तुमच्या साहेबाचा डबा आज देऊन आले. घ्यायला त्याची नात आली होती, थेट जर्मनीहून. आजोबा गेल्यावर त्यांच्या कपाटात तिला एक जुनं पत्र मिळालं, त्यावर आपल्या गावचा पत्ता. तिनं गावी लिहिलं आणि चुलतभावानं तिला माझा इथला नंबर दिला. कुणीतरी येईल म्हणून इतकी वर्षं वाट बघितलीत, आणि आलं तेव्हा तुम्हाला जाऊन वीस वर्षं झालेली. तुमच्यामागे डबा मीच सांभाळला, लग्नानंतर इथे कुवेतला घेऊन आले. हौसेनं नव्हे. फेकायला हात होत नव्हता, एवढंच. सकाळी तो पुसत बसले तर माझी मुलगी म्हणाली, "ममा, जस्ट गिव्ह इट टू हर." तिला काय माहीत.

इथल्या दस्मान भागातल्या त्या बंगल्याचं स्वयंपाकघर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही साहेबासाठी बटाटे उकडताय, मी कोपऱ्यात बसून गृहपाठ करतेय. साहेब उन्हाळ्याच्या सुट्टीवर निघालाय. तो आत येतो आणि शाळेच्या पुस्तकाएवढा, कुलूप लावलेला लोखंडी डबा तुमच्या हातात ठेवतो. माझ्या खोलीत नको, तुझ्याकडे असू दे, एवढंच बोलतो. किल्ली देत नाही. तो डबा तुम्ही घरी आणून तांदळाच्या पिंपात ठेवलात. दोन दिवसांनी मी हेअरपिनीनं ते कुलूप उचकटताना सापडले, तेव्हा तुम्ही मला मारलंत. जन्मात एकदाच. "अमानत हाय ती. लोकाच्या वस्तूला हात लावायचा नाय."

मग ऑगस्टात इराकी रणगाडे रस्त्यावर आले. कितीतरी दिवसांनी जॉर्डनकडे जाणारी बस मिळाली आणि ड्रायव्हर म्हणाला, माणशी एक पिशवी. कपडे आणि पाण्याच्या बाटल्या भरून झाल्यावर जागा एकाच वस्तूपुरती उरली. अम्मीनं तिथे अल्बम ठेवला होता. आपला छोटा पाच महिन्यांचा होऊन गेला, इथल्याच कब्रस्तानात आहे, त्याचे होते नव्हते ते सगळे फोटो त्यात. तुम्ही अल्बम बाहेर काढलात आणि डबा आत घातलात. "अल्बम आपलाच हाय, परत येऊन घेऊ. हा लोकाचा हाय." अम्मीनं तो कपाटात परत ठेवला. लढाई संपल्यावर तुम्ही कामाला परत आलात तेव्हा आपल्या खोलीत दारंसुद्धा उरली नव्हती.

साहेब काही परत आला नाही. गावी डबा गंजू नये म्हणून सुट्टीवर आलात की तुम्ही त्याला खोबरेल लावायचात, अम्मीच्या समोर बसून. कसं जमायचं तुम्हाला ते? मला तुमचा इतका राग यायचा की मी उठून जायचे. साहेबाला पाठवलेल्या पत्राचं उत्तर येत नाही म्हणून तुम्ही पोस्टमनला थांबवून विचारायचात आणि मग स्वतःलाच समजावायचात, "साहेब आजारी असंल." गेल्या वर्षी अम्मी गेली. त्याच्या आधी मला विचारत होती, छोट्याचं नाक कुणासारखं होतं गं? मी म्हटलं, तुझ्यासारखं. मला आठवत नव्हतं, अब्बा.

नात इथल्याच शर्क भागातल्या एका हॉटेलात उतरली होती. कुलूप तिथल्या माणसानं पक्कडीनं तोडलं. आत काय निघालं ऐका. हाताला बांधायची एक कापडी पट्टी, पट्ट्याचं बक्कल, छोटा सुरा आणि एक फोटो. त्यांच्याकडे महायुद्धाच्या काळात शाळकरी पोरांची संघटना होती म्हणे, सगळ्यांना जावंच लागायचं. आधी गाणी आणि कवायत, मग शेवटी शेवटी पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातात बंदुका. नात असल्या वस्तू घरोघर फिरून गोळा करते, नाहीतर म्हातारे गेले की लोक कचऱ्यात टाकतात. फोटोत अर्ध्या चड्डीतली चौदा पोरं होती, आणि नऊ जणांच्या डोक्यावर पेन्सिलीनं फुली मारलेली. ती म्हणाली, "आजोबांना हे घरात नको होतं आणि फेकवतही नव्हतं. म्हणून ते इथे ठेवून आले. इथे लढाई झाली तेव्हा आजीला म्हणाले, बरं झालं, गेलं ते एकदाचं."

साहेबाकडे मेलेल्या नऊ पोरांचे चेहरे होते आणि त्याला ते नको होते. आपल्याकडे एक होता. मला त्या फोटोचा हेवा वाटला. लाज वाटते सांगायला, पण वाटला.

मग तिनं ते पत्र पुढे केलं. माझंच गोल गोल अक्षर. बारा वर्षांची होते, तुम्ही सांगत होतात आणि मी इंग्रजीत लिहीत होते. साहेब, डबा सुखरूप आहे, कळवा, पाठवून देतो, आम्हाला काही नको. तुम्ही खाली सही केलीत, वाचता थोडंच येत होतं तुम्हाला. सहीच्या वर मी माझ्या मनानं एक ओळ घातली होती. तुमच्या डब्यासाठी आम्ही माझ्या मेलेल्या भावाचे फोटो टाकून आलो. साहेबानं त्या ओळीखाली रेघ मारली होती. पत्रासोबत चार कोरे कागद निघाले, ती म्हणाली, प्रत्येकावर वरती फक्त 'प्रिय' आणि तुमचं नाव. पुढे काहीच नाही. तुम्ही साहेब आजारी असंल म्हणत राहिलात, आणि उत्तर का येत नाही ते मला माहीत असून मी एकदाही तोंड उघडलं नाही.

हे तुम्हाला आज लिहितेय, तर कुठे पाठवू? गावी जाईन तेव्हा तुमच्यापाशी बसून वाचेन म्हणते, पण माझ्याच्यानं तेही होईल असं वाटत नाही. निघताना त्या मुलीनं त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे तुमच्या वडिलांनी लिहायला सांगितलं होतं का?"

मी हो म्हटलं, अब्बा.