माठामागचे खडे

२ जुलै १९९४
छे, एकटं वाटतं म्हणून नाय ठेवली तिला. शेजारच्या कौसाबाईला कितीदा सांगू? आतली खोली रिकामी होती. अख्ख्या बेलवलीत एवढी थंड खोली नाय, आणि पोरीला थंडावाच पाहिजे होता. म्हणजे तिच्या थेंबांना. बकुळा नाव. अंबरनाथला औषधाच्या लॅबमध्ये आहे. तिथला एसी सारखा बंद पडतो, ट्रकने टेबलं हादरतात. म्हणून तिचे प्लास्टिकचे ट्रे माझ्या माठामागे. प्रत्येक खळग्यावर व्हॅसलिनने चिकटवलेली काच, काचेला उलटा लटकलेला थेंब. विचारलं, यातून पिल्लं निघतात का गं? हसली नाय.

४ जुलै
आता सगळं समजलं. माझा पायाचा अंगठा सुजतो तो अंगातल्या एका एन्झाइममुळे. ते युरिक ॲसिड करत बसतं. त्याच्या तोंडात बूच मारायची गोळी पाहिजे, पण तोंड कसं आहे ते कळल्याशिवाय बूच कुठल्या मापाचं करणार? थेंबात एन्झाइमचे खडे धरले की मुंबईला मशीनवर एक्स-रे काढतात, आकार कळतो. मी बोलले, माझ्या सासूच्या तोंडाचा काढायचा राहिला. आज हसली.
खड्याचं तर मला शिकवूच नको बोलले. माझं माहेर मिठागरावरचं. पाणी आटलं की खडा धरतो.
अंगठ्यापायी आजपासून सुकट बंद. मटण पण.

९ जुलै
सुकट खाल्ली. कौसाबाईने आणून दिली, परत पाठवणं बरं दिसत नाय.

२० ऑगस्ट
थेंब नुसते पाण्यासारखे. आणि मी मसाला कुटायचा नाय, दार आपटायचं नाय, माठ हलवायचा नाय! घर माझं का थेंबांचं? उद्या सांगणार, उचल ट्रे.

२१ ऑगस्ट
नाय सांगितलं. अंगठा शेकून देत होती, तेव्हा कसं बोलणार. दोन ताटं मांडायची हाताला सवय लागलीय, एवढंच.

२८ सप्टेंबर
रडली. सर म्हणतात, दिवाळीपर्यंत खडे नाय दिसले तर काम दुसऱ्याला. काम गेलं की नाशिक. तिथे भाऊ स्थळ धरून बसलाय. मी बोलले, जा की बये, तुझ्या जागी मुलगा ठेवते, माठ तरी भरेल.
मला काय फरक पडतो? अंगठा ठणकतोय तो सुकटीने.

९ ऑक्टोबर
नाशिकला गेलीय, स्थळ बघायला. ट्रेची राखण माझ्याकडे. मीठ-मोहरीने दृष्ट काढली ट्रेची. सायन्सला काय नजर लागत नाय?

२१ ऑक्टोबर
खडे आले! चौकोनी, चकचकीत. पोरीने मला उचललंच, अंगठ्यासकट. सर गाडी घेऊन आले, माझ्या हातचा चहा पिऊन गेले. नाशिकला नकार कळवला. कौसाबाईला बोलले, माझ्या घरची हवाच तशी आहे. नवी गोळी निघाली तर पहिली मला.
उद्या मटण. आनंदाचं बाधत नाय.

१२ नोव्हेंबर
बकुळा मुंबईहून आली ती चप्पल न काढता बसली. मशीनवर खडा लावला, सगळे मोठे सायंटिस्ट जमले, आणि निघालं मीठ. साधं खायचं. एक जण म्हणे बोलला, मॅडम, काकडी पण आणायची ना सोबत. सरांना वाटतं हिनेच टाकलं, मुदत मारून न्यायला. उद्यापासून लॅबमध्ये यायचं नाय.
मला विचारलं, मावशी, ट्रेला कोणी हात लावला होता का? मी बोलले, दृष्ट काढताना उडालं असेल. माझ्याच खांद्यावर रडली. बोलली, तुम्ही मायेनेच केलंत.

२० नोव्हेंबर
गेली. आज मसाला कुटला. दार पण आपटलं दोनदा. मोकळं वाटलं.
जेवायला ताटं दोन मांडली. एक उचलून ठेवलं.
उडालं नव्हतं. केसातल्या पिनेने काच उचलली, चिमूट सोडली, व्हॅसलिन लावून काच परत दाबली. ती जाऊ नये म्हणून.