एका हाताने वळलेले गोळे

सोमवार, ३ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

मागच्या खोलीत तुझ्यासाठी खिडकीपाशी पलंग टाकलाय. पंधरा तारखेच्या शनिवारी तुझे भाऊजी गाडी घेऊन येतील. लेकीची काळजी नको, कॉलेजच्या वसतिगृहात मी बोलून ठेवलंय. शिवणाच्या दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाक. उजवा हात लुळा पडल्यावर तू काय शिवणार, सांग? अर्धांगाच्या झटक्यातून वाचलीस हेच पुष्कळ. मागे आले तेव्हा पोर उभ्या उभ्या पाव खात होती आणि तू बिस्किटं. मी चहा तसाच ठेवून निघाले. आता हट्ट नको.

आशीर्वाद आहेतच, पण ऐकलंस तर जास्त.
तुझी ताई


गुरुवार, ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताचं आहे, पण माझंच आहे. व्यायामवाल्या बाईंनी रोज लिहायला सांगितलंय, म्हणून फोन न करता कागदावर भांडते.

मी येणार नाही. पलंगावर भाऊजींना दुपारी झोपव. लेकही कुठे जाणार नाही, आणि माझ्या परस्पर तिची सोय लावायला तुला कुणी सांगितलं होतं? किल्ली माझ्याकडे आहे, माझ्याकडेच राहील.

बिस्किटांचे दिवस गेले. येत्या बुधवारी तुम्ही दोघं जेवायला या. मेजवानी नाही, कामावरून दमून आल्यावर करतात तसलं साधं जेवण: टर्की पक्ष्याच्या खिम्याचे गोळे, त्यांना सोया सॉस, मध आणि आलं-लसणाचा आटवलेला चकचकीत रस, खाली गरम भात, सगळं एकाच वाडग्यात. पहिल्यांदा खिमा कालवायला घेतला तर भांडंच गरगर फिरायला लागलं, अख्ख्या ओट्यावर ते पुढे आणि मी मागे. आता खाली ओलं फडकं घालते. शेजारच्या सुताराने फळीला खिळे ठोकून दिलेत, कांदा त्यांत खुपसला की हलत नाही. अंड्याचं टरफल आत पडतं, पडू दे, काढते. गोळे एका तळव्यात वळते, वेडेवाकडे होतात. लेक म्हणते, प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे.

एक अट. तू खुर्चीवर बसून राहायचंस. मदतीला हात लावलास तर भाऊजी जेवतील आणि तू उपाशी जाशील. आणि माझ्याच्याने नाहीच झालं, तर त्याच दिवशी मुकाट तुमच्या गाडीत बसेन.

लोभ असाच राहू दे, हुकूम तेवढे आवर.
तुझी बारकी


गुरुवार, १३ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

चहा बाजूला सारून लिहायला बसलेय. खरं सांगते, काल मी डबा भरून आणला होता. गाडीत ठेवला होता. तू हरणार याची मला खात्रीच होती.

खुर्चीत बसले खरी, पण हात मांडीखाली दाबून. तू ओव्हनमधून तापलेला ट्रे एका हाताने ओढलास आणि तो कलला. दोन गोळे जमिनीवर. मी उठलेच होते. तू मागे वळूनसुद्धा न बघता म्हणालीस, ताई, खाली बस. आई असं बोलायची. बसले. तू ट्रे ओव्हनच्या उघड्या दारावर टेकवलास, दम घेतलास, पुन्हा धरलास. पडलेले गोळे पायाने बाजूला सारलेस आणि उरलेले कढईतल्या रसात सोडलेस.

मला हलवलं ते निराळ्याच गोष्टीने. ट्रे कलून गोळे पडले तेव्हा तुझी लेक टेबलाशी अभ्यास करत होती. तिने मान वर केली नाही. आई करतेय, होईल, इतकंच. त्या घरात घाबरलेली मी एकटीच होते गं.

आणि हेच जेवण का निवडलंस ते जेवताना कळलं. काही कापायचं नाही, काही तोडायचं नाही. डाव्या हातात चमचा, आणि तू आमच्या बरोबरीने जेवत होतीस. हॉस्पिटलात मी भरवायचे तेव्हा तू भिंतीकडे बघायचीस. मला वाटायचं, भूक नाही.

भात जरा गिचका झाला होता. गोळे मात्र मी पुन्हा पुन्हा वाढून घेतले, पाहिलंस ना? वसतिगृहाला आजच, जागा नको म्हणून कळवते. उठताना विचारलं, आता तरी काही करू का? तर म्हणालीस, भांडी घास; मला जमत नाही म्हणून नाही, आवडत नाही म्हणून. गुमान घासली.

जीव आहे तुझ्यावर, तो काही आवरणार नाही. हुकमांचं बघते.
तुझी ताई


सोमवार, १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज दुकान उघडलं. सरळ शिवण जमते, वळणावर घसरते, म्हणून सध्या फक्त पडदे आणि उशांचे अभ्रे घेईन अशी पाटी लावलीय.

तू घासलेल्या ट्रेच्या कोपऱ्यात रस तसाच चिकटलाय. बुधवारी ये आणि नीट घास. जेवण मी करते.

तुझीच, भांडखोर,
बारकी